मागील पानावरून पुढे

बचत खात्यात पैसे भरायचे ते दहा तारखेच्या आत, हे आमच्या पिढीच्या घरांत शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक राहील, तेवढ्यावरच बँक त्या महिन्याचं व्याज द्यायची. खात्यात २०,००० रुपये आहेत, २८ तारखेला १५,००० काढले आणि २ तारखेला परत भरले, तरी तो सबंध महिना ५,००० वरच मोजला जायचा. साडेतीन टक्के दर असताना महिन्याच्या ५८ रुपयांचे साडेचौदा व्हायचे. म्हणून कॉलेजची फी, विम्याचा हप्ता, कुणाला उसने द्यायचे पैसे, सगळं तारखा सांभाळून चालायचं. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकीवर मिळू लागलं आणि दहा तारखेला काही अर्थ उरला नाही. तरी कितीतरी घरांतले बाबा त्यानंतरही नऊ तारखेलाच बँकेची पिशवी काखोटीला मारून निघत.

हे मुद्दाम सांगते आहे. आज आपण बँकेचं स्टेटमेंट उतरवून घेतो आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये इंपोर्ट करतो, ते काम संगणकाने जन्माला घातलेलं नाही. बँकेने लिहिलेलं घरी आणायचं, आपण लिहिलेल्याशी ओळीला ओळ लावून पाहायचं आणि जिथे अडेल तिथे थांबायचं, हा उद्योग आपल्या घरांत दोन पिढ्या चालत आला आहे. तो आपल्या आईवडिलांनी ज्या निष्ठेने केला, तिची आठवण नीट लिहून ठेवावी असं मला फार दिवस वाटत होतं.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० साली आणखी सहा बँका सरकारकडे आल्या, आणि त्या काळात बँकेची शाखा तालुक्याच्या गावात, मग बाजारपेठेच्या खेड्यात दिसू लागली. शहरांतून सहकारी बँका तर कितीतरी आधीच्या. पुण्याची कॉसमॉस १९०६ ची, मुंबईची सारस्वत १९१८ ची. नोकरदाराची पतपेढी असे, पोस्टाचं खातं असे, बायकांची भिशी असे. पगार मात्र बऱ्याच ठिकाणी पाकिटातूनच हाती येई. तो घरी यायचा, देवापुढे ठेवला जायचा, मग त्यातले काही खात्यात जायचे. पैसे काढायचे तर स्लिप भरून पितळी टोकन घेऊन बाकावर बसायचं आणि जाळीमागून आपला नंबर पुकारला जाण्याची वाट पाहायची. पासबुकात कारकुनाच्या निळ्या शाईतल्या नोंदी असत. 'बाय कॅश', 'टु सेल्फ', 'बाय क्लिअरिंग', पुढे रक्कम आणि शेवटी अधिकाऱ्याची छोटी सही. इंग्रजी न येणाऱ्या आज्यासुद्धा ते तीन-चार शब्द आकारावरून ओळखायच्या.

आणि घरची वही. कुणाकडे लांबट फुलस्केप, कुणाकडे कंपनीने वाटलेली गेल्या वर्षीची डायरी, तारखा खोडून वापरलेली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक, आणि नव्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून पुढे'. भाजी, रॉकेल, शिलाई, रिक्षा, मनीऑर्डर, हळदीकुंकवाचं सामान. दुधाचा हिशेब मात्र वहीत नसे, तो कॅलेंडरवर. १९७३ साली 'कालनिर्णय' निघालं आणि त्याच्या चौकटींमध्ये दुधाचे खाडे, मोलकरणीच्या सुट्या आणि गॅस लावल्याची तारीख लिहिण्याची सोय घरोघर झाली. महिन्याच्या शेवटी आई कॅलेंडरसमोर उभी राहून खाडे मोजायची आणि तो आकडा वहीत जायचा. सोप्या मराठीत, ही कीर्द आणि खतावणीच होती. रोजच्या नोंदी एकीकडे, त्यांची खात्यांवर वाटणी दुसरीकडे. पेशवे दफ्तरात मोडीतल्या रोजकीर्दी आजही जपलेल्या आहेत. राज्याच्या खर्चाला जी शिस्त होती, तिचाच धाकटा नमुना आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर होता, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

पासबुक भरून आणलं की त्या रात्री ताळा बघायचा. जेवणं झाली की चटई पडायची. बाबा पासबुक वाचत आणि घरातलं कुणीतरी वहीत लाल पेन्सिलीने खूण करी.

"चौदा तारीख, दोनशे चाळीस, टु चेक."

"एलआयसी. मिळाला."

"एकवीस तारीख, पाच रुपये, चार्जेस."

"हे आपल्याकडे नाही, बाबा."

"लिही मग. चेकबुकाचे असतील."

बँकेने परस्पर कापलेले पैसे घरच्या वहीत नसत. बँकेने परस्पर दिलेलं सहामाही व्याजही नसे. उलट आपण लिहून दिलेला एखादा चेक समोरच्याने वटवलेलाच नसे, म्हणून तो वहीत असे पण पासबुकात नसे. अशा तिन्ही प्रकारच्या नोंदी शोधून काढल्या की दोन्हीकडची शिल्लक जुळायची. जमाखर्चाचं शास्त्र आम्हाला कुणी शिकवलं नाही, पण बँक रिकन्सिलिएशन म्हणून कॉमर्सच्या पोरांना जो धडा असतो, तो कित्येक घरांत चटईवर गिरवून झाला होता. आठ आण्यांची तूट निघाली तरी बाबा उठत नसत. आठ आण्यांसाठी नव्हे. एक नोंद चुकली तर दुसरीही चुकली असेल, ही त्यामागची धास्ती. आणि अगदीच सापडलं नाही तर शेवटी एक ओळ पडायची : 'किरकोळ'. ती ओळ लिहिताना आईचा चेहरा पडायचा. महिन्यात ती दोनदा आली तर तिला स्वतःचा राग यायचा.

बँकांमध्ये संगणक यावेत यासाठी डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ सालचा, पण आपल्या शाखेत छापील पासबुक दिसेपर्यंत नव्वदीचं दशक उजाडलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा तो करकर आवाज, आणि एका ओळीवर दुसरी ओळ छापली गेल्यामुळे न वाचता येणारी पानं! त्याच सुमारास काही घरांत पहिला संगणक आला. मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून आला आणि रविवारी बाबांच्या ताब्यात गेला. एक्सेलमध्ये वही उतरली. दुकानदारांसाठी टॅली होतं, श्यामसुंदर आणि भरत गोएंका या पितापुत्रांनी १९८६ साली सुरू केलेलं, पण घरखर्चाला ते फार मोठं. अमेरिकेत गेलेला एखादा चुलतभाऊ सुट्टीत येताना 'क्विकन' किंवा 'मायक्रोसॉफ्ट मनी'ची सीडी घेऊन यायचा. त्याच्याकडे बँकेच्या नोंदी थेट त्या सॉफ्टवेअरमध्ये उतरत. क्यूआयएफ नावाची जुनी पद्धत होती, आणि १९९७ साली मायक्रोसॉफ्ट, इन्ट्युइट आणि चेकफ्री या कंपन्यांनी मिळून ओएफएक्स ही नवी आणली होती. तिच्यात प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तीच फाईल चुकून दोनदा आणली तरी सॉफ्टवेअर ओळखतं. इकडे आपल्यापैकी बहुतेकांच्या बँकांना त्याचा पत्ता नव्हता. आपण सीडी लावायचो आणि पासबुक पाहून नोंदी हाताने टाइप करायचो. मायक्रोसॉफ्टने २००९ साली 'मनी'ची विक्री थांबवली, तरी काही बँकांच्या संकेतस्थळांवर उतरवायच्या फाईलींच्या यादीत 'एमएस मनी' हे नाव पुढेही दिसत राहिलं.

मग अनेकांनी 'ग्नूकॅश' धरलं. फुकट, सगळ्यांना खुलं, १९९८ साली त्याची पहिली आवृत्ती आली, आणि पक्क्या दुहेरी नोंदीवर चालणारं. पैसा कुठून आला आणि कुठे गेला, दोन्ही सांगितल्याशिवाय ते तुम्हाला पुढे जाऊ देत नाही. उत्तर दिलं नाही तर ती रक्कम 'इम्बॅलन्स-आयएनआर' नावाच्या खात्यात नेऊन टाकतं. पहिल्यांदा ते खातं पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आईचं 'किरकोळ' आलं.

नेटबँकिंग आलं, स्टेटमेंट सीएसव्हीत मिळू लागलं, आणि आपल्याला वाटलं आता टायपिंग संपलं. त्या फाईलींशी घातलेल्या झटापटीच्या आठवणी आपल्या पिढीतल्या अनेकांकडे सारख्याच निघतील. फाईल उघडावी तर वरच्या पंधरा-वीस ओळी आपलं नाव, पत्ता, शाखा, आयएफएससी, नॉमिनी यांच्या. खाली 'हे संगणकाने तयार केलेले असल्याने सहीची गरज नाही' ही ओळ. नोंदी मधोमध. काही ठिकाणी फाईलचं नाव एक्सेलचं असे आणि आत टॅबने तोडलेला साधा मजकूर. काढलेले आणि भरलेले असे दोन वेगळे रकाने, सॉफ्टवेअरला मात्र हवा उणे-अधिक चिन्हाचा एकच. कुठे रकमेला चिकटून 'सीआर' किंवा 'डीआर'. सर्वांत हट्टी म्हणजे आपला स्वल्पविराम. १,२५,०००.०० ही रक्कम अवतरणचिन्हात नसेल तर स्वल्पविरामावर रकाने तोडणारं सॉफ्टवेअर तिचे तीन तुकडे करतं आणि त्या ओळीतलं पुढचं सगळं दोन घरं सरकतं.

तारखांचा घोळ याहून वाईट, कारण तो दिसत नाही. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०३/०४ ही आपली ३ एप्रिल एक्सेलमध्ये ४ मार्च होते. १२ तारखेपर्यंतच्या नोंदी अशा गुपचूप दुसऱ्या महिन्यांत जाऊन बसतात, आणि १३ पासूनच्या नोंदींना तारीख म्हणून ओळखच मिळत नाही, त्या साधा मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहतात. रकाना अर्धा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे दिसला की समजायचं. त्यामुळे जाणती माणसं सांगायची, उतरवलेली फाईल एक्सेलमध्ये उघडून साठवू नका, सरळ सॉफ्टवेअरला द्या आणि तारखेचा क्रम तिथेच दिवस-महिना-वर्ष असा निवडा. हा सल्ला आजही तितकाच खरा आहे.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा सगळ्यांनाच चक्रावून टाकायची. बँकेच्या स्टेटमेंटवर आपला पगार क्रेडिटच्या रकान्यात, आणि सॉफ्टवेअर तीच रक्कम आपल्या बँक खात्याच्या डेबिट बाजूला ठेवणार. दोघंही बरोबर. आपण ठेवलेला पैसा हे बँकेच्या वहीत तिचं देणं असतं, आणि आपल्या वहीत ते आपलं येणं. स्टेटमेंट ही बँकेच्या वहीची नक्कल आहे, आपल्या वहीची नव्हे. चटईवर बाबांनी दोन वह्या समोरासमोर ठेवल्या होत्या त्या यासाठीच. एकाच व्यवहाराकडे दोन बाजूंनी पाहिल्याशिवाय ताळा लागत नाही.

इंपोर्टची खिडकी उघडते तेव्हा ग्नूकॅश प्रत्येक ओळीला रंग देतं. हिरवी म्हणजे तयार, पिवळी म्हणजे समोरचं खातं ठरलेलं नाही, लाल म्हणजे ही ओळ वगळली जाणार. आणि ते आठवणही ठेवतं. वर्णनातल्या कुठल्या शब्दाला तुम्ही आधी कुठलं खातं दिलंत, यावरून अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्लिश धर्मगुरूच्या संभाव्यतेच्या नियमाने ते पुढचा अंदाज बांधतं. चार-सहा महिने नीट शिकवलंत तर महावितरण विजेत जातं, सोसायटीचा धनादेश देखभालीत जातो. स्वतःच्याच दोन खात्यांमधला व्यवहार मात्र दरवेळी डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. नवऱ्याच्या खात्यातून जोडखात्यात गेलेले २५,००० दोन्ही स्टेटमेंटांत येतात. दोन्ही तशाच आणल्या तर घराला एक खोटं उत्पन्न आणि एक खोटा खर्च चिकटतो, आणि वर्षाअखेरीस कुटुंब आहे त्यापेक्षा श्रीमंतही दिसतं आणि उधळंही.

११ एप्रिल २०१६ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय आणलं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली, आणि घरच्या स्टेटमेंटचं रूप बदलत गेलं. पूर्वी महिन्याला एक पान भरत नसे. आता दहा रुपयांचा चहा, वीस रुपयांची कोथिंबीर, शेअर रिक्षा, सगळं बँकेच्या दप्तरात. एका अर्थाने आईची वही बँक लिहू लागली. पण तिने लिहिलेलं आणि बँकेने लिहिलेलं यात फार अंतर आहे. बँकेच्या ओळीत बारा आकडी क्रमांक असतो, कापलेलं एखादं नाव असतं आणि एक पत्ता. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने पासबुकात आणि स्टेटमेंटमध्ये नोंदींचा पुरेसा तपशील द्या असं बँकांना सांगितलं, त्याने वर्णन लांबलं हे खरं. पण मंडईतल्या मावशींचे पैसे त्यांच्या मुलाच्या खात्यात जातात, म्हणून भाजीपुढे त्या मुलाचं नाव येतं. औषधाचं दुकान मालकाच्या नावावर. सॉफ्टवेअर हळूहळू शिकतंही की हे नाव म्हणजे भाजी. तरी त्या दिवशी अर्धा किलो वाल का जास्त घेतले, कोण जेवायला येणार होतं, हे त्याला कोण सांगणार?

वहीत ते असायचं. 'रिक्षा, ताईला स्टेशनवर.' 'साडी, बारशाची.' 'उसने, परत मागू नयेत.' रकमेसमोरचे ते तीन-चार शब्द हाच खरा हिशेब होता असं माझं ठाम मत आहे. बेरीज यंत्रही करतं. आमच्या घरात कुणाच्या आजारपणाला किती लागले, कुणाच्या शिक्षणासाठी कोणतं सोनं मोडलं, दिवाळीला कोणत्या वर्षी नवे कपडे झाले नाहीत, हे आम्हाला वह्यांतून कळलं. आईवडिलांनी बोलून कधीच दाखवलं नव्हतं. म्हणून इंपोर्ट झाल्यावर माझं काम संपलं असं मी मानत नाही. हिरव्या ओळींवरून एकदा सावकाश खाली उतरते आणि जिथे आठवतं तिथे वर्णनाच्या रकान्यात मराठीतून लिहिते. ग्नूकॅश देवनागरी व्यवस्थित घेतं, शोधतंही.

एटीएममधून काढलेल्या रोख पैशालाही अशीच वाट करून द्यावी लागते. बँकेच्या लेखी ५,००० काढले की संपलं. सॉफ्टवेअरमध्ये 'पाकीट' नावाचं खातं उघडून ते तिथे टाकायचे आणि त्यातून पुढे खर्च लिहायचा. ज्यांनी हा कंटाळा केला त्यांचं 'इम्बॅलन्स' फुगत गेलं.

सप्टेंबर २०२१ पासून अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची व्यवस्था सुरू आहे. आपल्या संमतीने आपल्या खात्याची माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे यंत्राला वाचता येईल अशी जाते, पीडीएफ नाही की सही-शिक्का नाही. चांगली सोय आहे. पण माहिती घेणारी संस्था आर्थिक क्षेत्राच्या एखाद्या नियामकाखालची असावी लागते, त्यामुळे कर्ज देणाऱ्याला जे एका टिचकीत मिळतं ते आपल्या घरातल्या फाईलपर्यंत सरळ येत नाही. स्वतःच्याच खात्याची माहिती स्वतःच्या संगणकावर नीट, एकसारख्या रूपात मिळावी, हा ग्राहकाचा साधा हक्क आहे. सगळ्या बँकांनी ओएफएक्ससारखी एकच पद्धत घरच्या ग्राहकालाही द्यावी, ही मागणी आपण ग्राहक पंचायतींमधून लावून धरायला हवी.

मला याहून मोठी काळजी वेगळी वाटते. वही फळीवर असायची. बाबा आजारी पडले तर आईने उघडली, आई माहेरी गेली तर थोरल्या मुलीने लिहिली. आज बहुतेक घरांत हिशेबाची फाईल एकाच्याच लॅपटॉपवर असते, पीडीएफ स्टेटमेंटचा पासवर्ड एकालाच ठाऊक, नेटबँकिंगचा ओटीपी एकाच फोनवर. माणूस अचानक गेल्यावर किती खाती होती हेच घरच्यांना माहीत नसतं, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

तेव्हा पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट आणाल तेव्हा एकटे बसू नका. नवरा, बायको, मुलगी, सून, कुणालाही शेजारी बसवा. एकाने वाचावं, दुसऱ्याने खूण करावी. फाईल कुठे आहे, तिची दुसरी प्रत कुठे आहे, पासवर्ड कुठल्या कागदावर लिहून ठेवला आहे, ते त्यांना स्वतःच्या हाताने उघडून पाहू द्या. आणि उठण्याआधी प्रत्येक खात्यावर नॉमिनीचं नाव आहे ना, तेवढं स्टेटमेंटच्या वरच्या ओळींत पाहून घ्या.